पहिला ख्रिस्ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन नेमका कधी बदलला?

1 मे 305. निकोमिडिया शहराबाहेर, आजच्या तुर्कस्तानातल्या इझमितजवळ, तीनेक मैलांवर एक उंचवटा होता आणि त्यावर ज्युपिटरचा पुतळा असलेला खांब. त्या खांबापाशी सैनिक जमलेत आणि म्हातारा रोमन सम्राट डायोक्लेशियन डोळ्यांत पाणी आणून सांगतोय की मी थकलो, आता विश्रांती हवी, राज्य दुसऱ्यांच्या हाती देतो. सगळ्यांच्या नजरा एका तिशीतल्या अधिकाऱ्यावर, कॉन्स्टंटाईनवर, आहेत. त्याचा बाप पश्चिमेचा मोठा सम्राट होणार, पोरगा स्वतः लढवय्या, सैन्यात लाडका, मग दुसरं नाव येणार तरी कुणाचं? धाकट्या सम्राटांची नावं जाहीर होतात, सेव्हेरस आणि मॅक्सिमिन. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागतात, कॉन्स्टंटाईनचं नाव बदलून मॅक्सिमिन ठेवलंय की काय? तेवढ्यात पूर्वेचा मोठा सम्राट होणारा गॅलेरियस हात मागे नेतो, कॉन्स्टंटाईनला बाजूला सारतो आणि मागून आपल्या भाच्याला, डायाला, म्हणजेच ह्या मॅक्सिमिनला, पुढे ओढतो. डायोक्लेशियन अंगावरचा जांभळा झगा काढून त्या भाच्याच्या खांद्यावर टाकतो, आणि मग म्हाताऱ्या डायोक्लेशियनला गाडीत बसवून शहरातून त्याच्या मुलुखाकडे रवाना करून देतात.

हे सगळं लॅक्टॅन्शियसनं लिहून ठेवलंय. तो लॅटिन वक्तृत्वाचा शिक्षक, डायोक्लेशियननंच त्याला निकोमिडियात बोलावून घेतलं होतं, पण तो ख्रिस्ती, आणि 303 मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा त्याची जागा गेली. त्याचा गॅलेरियसवर राग आहे आणि तो लपवतही नाही, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं घेता येत नाही. तरी पण तो हात मागे नेऊन बाजूला सारणं मला विसरता येत नाही. पुढे तीस वर्षं जे घडलं त्यातलं बरंचसं मला त्या एका धक्क्यात दिसतं. देव, आकाश, क्रूस हे सगळं नंतर. आधी हा भर सभेत डावललेला माणूस बघायला हवा असं मला वाटतं.

कॉन्स्टंटाईनचा जन्म नैसस गावचा, म्हणजे आत्ताच्या सर्बियातलं निश. बाप कॉन्स्टँशियस सैन्यातून वर आलेला, आई हेलेना अगदी साध्या घरातली, सराईत काम करणारी होती असं चर्चचे लोकच पुढे सांगायचे. डायोक्लेशियननं 293 मध्ये साम्राज्य चार जणांत वाटलं, दोन मोठे ऑगस्टस आणि त्यांच्या हाताखाली दोन सीझर, आणि बाप सीझर झाला तेव्हा हेलेना बाजूला पडली, बापानं सम्राटाच्या घरातली बायको केली. पोरगा मात्र पूर्वेला डायोक्लेशियनच्या दरबारात वाढला. आता ह्याला दरबारात मोठं होणं म्हणा किंवा बाप गडबड करू नये म्हणून ठेवलेला ओलीस म्हणा, दोन्ही खरंच आहे.

त्याच दरबारात असताना 23 फेब्रुवारी 303 ला पहाटे निकोमिडियाचं चर्च पाडलं गेलं. ते राजवाड्यातून दिसायचं. सैनिक कुऱ्हाडी आणि अवजारं घेऊन आले आणि काही तासांत इमारत जमीनदोस्त केली, ग्रंथ जाळले, दुसऱ्या दिवशी फर्मान लागलं. त्या वेळी कॉन्स्टंटाईन काय करत होता? त्यानं विरोध केल्याची कुठेही नोंद नाही. नंतर म्हातारपणी त्यानं त्या छळाबद्दल खूप कळवळून लिहिलंय, ते मी खोटं मानत नाही, पण तेव्हा तो गप्प होता हेही खरं.

डावलल्यावर पुढे काय करायचं हे त्याला बरोबर कळलं. बापानं बोलावणं पाठवलं, गॅलेरियसनं नाइलाजानं परवानगी दिली, आणि ह्यानं सकाळची वाट न बघता रात्रीच घोडा काढला. वाटेतल्या प्रत्येक चौकीवरची सरकारी घोडी तो पळवत गेला की मागून कुणाला पाठलागच करता येऊ नये. थोडा मसाला असेल ह्या गोष्टीत, पण गॅलेरियसच्या हातावर तुरी देऊन तो गेला हे नक्की. बापाला गाठलं, दोघं ब्रिटनमध्ये गेले, आणि 25 जुलै 306 ला बाप यॉर्कमध्ये वारला. तिथल्या तिथे सैन्यानं पोराला सम्राट म्हणून जाहीर करून टाकलं. कायदा म्हणून बघाल तर हे सरळसरळ बंड. ह्यानं गॅलेरियसकडे आपली माळ घातलेली तसबीर पाठवली, मला मान्यता द्या म्हणून. तो म्हणे ती तसबीर आणणाऱ्या माणसासकट जाळायला निघाला होता, पण मग विचार करून त्यानं जांभळा झगा पाठवला आणि ऑगस्टस नाही, धाकटा सीझर म्हणून मान्यता दिली. कॉन्स्टंटाईननं ते मुकाट्यानं घेतलं. हा त्याचा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो, मिळेल ते आज घ्यायचं आणि उरलेल्यासाठी थांबायचं.

मधली सहा वर्षं नुसता गोंधळ आहे. रोममध्ये मॅक्सेंशियस उठला, तोही सम्राटाचाच मुलगा आणि तोही डावललेला, त्याचा निवृत्त बाप मॅक्सिमियन परत आला, कॉन्स्टंटाईननं त्याच्या मुलीशी, फाउस्ताशी, 307 मध्ये लग्न केलं, मग तीनच वर्षांनी सासऱ्यानं जावयाविरुद्ध बंड केलं आणि मार्सेलला पकडला गेला आणि शेवटी गळफास. आत्महत्या की करायला लावलेली, ज्यानं त्यानं ठरवावं.

पण 310 मधली एक गोष्ट इथे नीट बघायला पाहिजे कारण बहुतेक लोक ती सोडून देतात. सासरा गेल्यावर त्याच वर्षी ट्रीअरला दरबारात एका वक्त्यानं कॉन्स्टंटाईनसमोर भाषण केलं, ते भाषण आजही आपल्याकडे आहे. त्यात दोन नव्या बातम्या आहेत. एक म्हणजे कॉन्स्टंटाईन हा चाळीसेक वर्षांपूर्वीच्या क्लॉडियस सम्राटाचा वंशज निघाला, हे आधी कुणालाच माहीत नव्हतं. आणि दुसरी म्हणजे गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, एका देवळात त्याला अपोलोचं दर्शन झालं, सोबत विजयदेवता, हातात माळा, आणि प्रत्येक माळेत तीस वर्षांचं आयुष्य. सूर्यासारखा तो देव बघताना तुला त्यात तुझंच रूप दिसलं, असं तो वक्ता म्हणतो.

म्हणजे क्रूस दिसायच्या दोन वर्षं आधी ह्याला अपोलो दिसलेला होता. आणि सासऱ्यामुळे मिळालेली मान्यता गेल्यावर लगेच नवा वंश आणि नवा देव समोर आला. कुणी म्हणेल बघा, ढोंगी आहे. मला तसं वाटत नाही, पण ते पुढे सांगते.

आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती लोकांवरचा छळ कॉन्स्टंटाईननं थांबवला असं आपण शाळेपासून वाचतो, पण पहिलं माफीचं फर्मान निघालं ते 30 एप्रिल 311 ला, आणि काढलं कुणी तर गॅलेरियसनं! ज्यानं छळ पेटवला त्याच माणसानं. भयंकर आजारानं अंथरुणाला खिळला होता, अंग सडत चाललं होतं, आणि फर्मानाच्या शेवटी तो ख्रिस्ती लोकांना सांगतो की तुमच्या देवाकडे आमच्या भल्यासाठीही प्रार्थना करा. थोड्याच दिवसांत तो मेला. इतकी वर्षं माणसं मारून सरकारला काहीच हाती लागलं नाही ह्याची ती कबुलीच होती.

आता 312. कॉन्स्टंटाईन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला, सुसा घेतलं, ट्युरिनजवळ जिंकला, मिलाननं दरवाजे उघडले, व्हेरोनाला मोठी लढाई झाली, आणि ऑक्टोबरमध्ये तो रोमच्या बाहेर येऊन थांबला. मॅक्सेंशियसनं खरं तर तटाच्या आत बसून राहायला पाहिजे होतं, आधी दोन जण असेच रोमसमोर आपटले होते, सेव्हेरस आणि गॅलेरियस. पण 28 ऑक्टोबर हा त्याच्या सत्तेवर येण्याचा वाढदिवस, शहरात लोक कुरकुरायला लागलेले, आणि सिबिलच्या भविष्यग्रंथांत निघालं की त्या दिवशी रोमचा शत्रू मरेल. शत्रू म्हणजे कोण हे ग्रंथात लिहिलेलं नव्हतं. तो बाहेर पडला, टायबर नदी पाठीशी ठेवून लढला, आणि मिल्व्हियन पुलाजवळ सैन्य मागे रेटलं गेलं तेव्हा त्या गर्दीत चिलखतासकट नदीत बुडाला. दुसऱ्या दिवशी गाळातून प्रेत काढून त्याचं मुंडकं भाल्यावर लावून रोममधून मिरवलं आणि नंतर आफ्रिकेला पाठवलं, तिथल्या लोकांची खात्री पटावी म्हणून.

हा मॅक्सेंशियस ख्रिस्ती लोकांचा कर्दनकाळ होता असं जे रंगवतात ते मला अन्यायाचं वाटतं. त्यानं आपल्या भागात छळ थांबवला होता, चर्चची जप्त केलेली मालमत्ता परत करायला लावली होती. ही धर्माची लढाई नव्हतीच, दोन डावललेल्या पोरांची होती. आणि हरलेल्याच्या बाजूनंही जीव लावणारी माणसं होती. काही वर्षांपूर्वी रोममध्ये पॅलाटाईन टेकडीच्या उतारावर खोदकामात राजदंड, काचेचे आणि दगडाचे गोल, समारंभाच्या भाल्यांची पाती असं सगळं सापडलं, रेशमी आणि लिननच्या कापडात गुंडाळून, लाकडी पेट्यांत घालून पुरून ठेवलेलं. बहुतेक अभ्यासक ती मॅक्सेंशियसची राजचिन्हं मानतात. कुणीतरी ती घाईघाईत पण जपून पुरली, विजेत्याच्या हाती लागू नयेत म्हणून, आणि परत काढायला कुणी आलंच नाही. मी ते फोटो कितीतरी वेळ बघत बसले होते. हिरव्या काचेचा तो गोळा, आणि त्याला गुंडाळलेल्या कापडाचे धागे.

बरं, मग आकाशातला क्रूस?

लॅक्टॅन्शियस लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहितो. तो म्हणतो कॉन्स्टंटाईनला झोपेत सूचना झाली की देवाचं चिन्ह ढालींवर काढ, त्यानं काढलं, जिंकला. बस. आकाश नाही, सूर्य नाही. युसेबियस हा सीझरियाचा बिशप, त्यानं लढाईनंतर लवकरच चर्चचा जो इतिहास लिहिला त्यात दर्शनाचा विषयच नाही, तो मॅक्सेंशियसची तुलना समुद्रात बुडालेल्या फॅरोशी करतो आणि पुढे जातो. मग पंचवीसेक वर्षांनी, सम्राट वारल्यावर, तोच युसेबियस कॉन्स्टंटाईनचं चरित्र लिहितो आणि त्यात येतं की दुपार कलल्यावर सूर्याच्या वर प्रकाशाचा क्रूस दिसला, सोबत 'ह्याने जिंक' अशी अक्षरं, सगळ्या सैन्यानं बघितलं, रात्री स्वप्नात ख्रिस्त आला आणि त्यानं चिन्हाचा अर्थ सांगितला. युसेबियस म्हणतो, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवणं अवघड होतं, पण हे सम्राटानं स्वतः शपथेवर मला सांगितलं. आणि हे पुलावरच्या लढाईच्या आदल्या दिवशी झालं असंही तो म्हणत नाही, कुठल्याशा मोहिमेत वाटेवर असताना झालं म्हणतो.

काही अभ्यासक म्हणतात 310 चा अपोलो आणि हा क्रूस ही एकच घटना असणार, सूर्याभोवती खळं पडतं तसं काहीतरी त्यानं गॉलमध्ये बघितलं आणि आधी त्याला तो अपोलो वाटला, नंतर ख्रिस्त. मला हे पटतं. पुरावा पूर्ण आहे म्हणून नव्हे, तर माणसं आपलं आयुष्य असंच सांगतात म्हणून. जे घडलं त्याचा अर्थ वीस वर्षांनी लागतो आणि मग तो अर्थ पहिल्या दिवसापासून माहीत होता असं वाटायला लागतं. त्याला खोटं बोलणं नाही म्हणता येणार.

'खरी श्रद्धा की राजकारण' ह्या प्रश्नावर इतकी शाई सांडलीय, पण मला हा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. रोमन सेनापतीला देव म्हणजे जो विजय देतो तो. आपल्याकडे निकालाच्या आधी लोक देव पाण्यात ठेवून बसतात, तिथे श्रद्धा कुठे संपते आणि गरज कुठे सुरू होते हे कुणी दाखवून द्यावं. त्याला त्याच्या देवानं जिंकून दिलं, म्हणून तो देव खरा. ह्यात त्याला स्वतःला कुठलीच भेसळ दिसली नसणार. आणि राजकारण म्हणावं तर फायदा काय होता? त्या वेळी साम्राज्यात ख्रिस्ती लोक बहुतेक अंदाजांप्रमाणे दहा टक्क्यांच्या आसपास, सैन्यात त्याहून कमी, रोमचे खानदानी सिनेटर तर जवळजवळ सगळे जुन्या देवांचे. मतं मिळवायची असती तर हा पक्ष कुणी निवडला नसता.

म्हणून मी त्याच्या तोंडच्या शब्दांपेक्षा दगडांकडे आणि नाण्यांकडे बघते. रोममध्ये कलोसियमच्या शेजारी त्याची विजयकमान आहे, 315 ची, सिनेटनं उभारलेली. त्यावर लिहिलंय की 'देवत्वाच्या प्रेरणेने आणि मनाच्या थोरवीने' त्यानं जुलमी राजापासून देश सोडवला. कुठलं देवत्व? लिहिणाऱ्यानं मुद्दाम मोकळं ठेवलंय, वाचणाऱ्यानं आपापला देव त्यात बसवावा. टायबरमध्ये बुडणारे सैनिक कोरलेत, सूर्यदेव आहे, क्रूस नाही. अर्धी शिल्पं ट्रेजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस ह्यांच्या जुन्या वास्तूंवरून काढून आणलीयत. नाण्यांवरही 'अजिंक्य सूर्य, सम्राटाचा सोबती' असं पुलावरच्या लढाईनंतर दहा-बारा वर्षं येतच राहिलं, मग हळूहळू ते बंद पडलं.

दुसरीकडे चर्चसाठी मात्र लगेच हात सैल सोडलेला. लॅटरनचं मोठं चर्च त्यानं बांधलं ते घोडदळाच्या तळावर, आणि हे घोडदळ मॅक्सेंशियसच्या बाजूनं लढलेलं. पलटण बरखास्त केली, बराकी पाडल्या आणि तिथे नव्या देवाचं घर. शत्रूचा काटा काढणं आणि देवाचे उपकार फेडणं एकाच पायावर उभं राहिलं. 313 च्या सुरुवातीला मिलानला तो आणि पूर्वेचा लिसिनियस भेटले, बहिणीचं, कॉन्स्टँशियाचं, लिसिनियसशी लग्न लावलं, आणि ठरलं की ख्रिस्ती असो वा कुणीही, ज्याला जो धर्म पाळायचा तो पाळू दे, आणि चर्चच्या जप्त जागा पैसे न मागता परत करा. हे ज्या पत्रात लिहिलंय ते मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला त्यातल्या 'कुणीही' ह्या भागाचं जास्त कौतुक वाटतं. पुढच्या शेकडो वर्षांत तोच भाग सगळ्यात आधी पायदळी तुडवला गेला.

आणि 321 चा रविवारचा कायदा. मार्चमध्ये त्यानं फर्मान काढलं की सूर्याच्या आदरणीय दिवशी न्यायाधीश, शहरातली माणसं आणि सगळे कारागीर ह्यांनी काम बंद ठेवावं, शेतकऱ्यांना मात्र सूट, कारण पेरणीला आणि द्राक्षवेलीला तोच दिवस चांगला असू शकतो आणि वेळ हातची जाऊ नये. ख्रिस्ताचं नाव कुठेच नाही, पुन्हा तेच, सूर्यही खुश आणि चर्चही. त्याच वर्षी जुलैमध्ये भर घातली की रविवारी बाकी कोर्टकचेरी बंद, पण गुलामाला मुक्त करण्याचं काम चालू ठेवा. ही पुरवणी मला फार आवडते. आणि आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत ह्याच वारासाठी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांना किती झगडावं लागलं! फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 1884 पासून मागणी लावून धरली, गोऱ्या साहेबाला रविवारी चर्चला जायला सुट्टी आणि आमच्या कामगाराला का नको, रविवार हा आमच्या खंडोबाचाही वार आहे, असं त्यांचं म्हणणं. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी मान्य केलं. साहेबाची सुट्टी मागे मागे जात ह्याच कायद्यापर्यंत पोचते, आणि गिरणीच्या भोंग्यापासून एक दिवस सुटका मिळवायला लोखंड्यांना त्यासाठी देव आपला आणता आला. कॉन्स्टंटाईनच्या त्या मोकळ्या ठेवलेल्या शब्दांना हे चाललं असतं.

324 मध्ये लिसिनियसशी शेवटची लढाई झाली, एका म्यानात दोन तलवारी किती दिवस राहणार. एड्रियानोपल, मग क्रिसोपोलिस. बहीण मध्ये पडली, नवऱ्याचा जीव घेणार नाही अशी शपथ घेतली गेली, आणि वर्षभरात लिसिनियसला थेसालोनिकीत मारलं. काही काळानं तिच्या लहान मुलालाही.

325 ला निसियाची बिशपांची परिषद. आधी ह्यानं एरियस नावाच्या धर्मगुरूला आणि अलेक्झांड्रियाच्या बिशपाला पत्र लिहिलं होतं की पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की नंतरचा हा वाद किरकोळ आहे, तुम्ही असं भांडू नका, मला रात्री सुखानं झोपू द्या. सेनापतीचं डोकं आहे हे, फळी फुटली की लढाई गेली. पत्रानं काम झालं नाही तेव्हा त्यानं सगळ्या बिशपांना सरकारी खर्चानं बोलावलं, परंपरा 318 सांगते, तीनशेच्या आतबाहेर असतील. ह्यातल्या काहींच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या, कुणाचा डोळा काढलेला, कुणाचे हात डागलेले. सम्राट सोन्याच्या लहानशा खुर्चीपाशी उभा राहिला आणि बिशपांनी मान हलवल्यावरच बसला. शेवटी मेजवानी झाली, युसेबियस तिथे होता, तो लिहितो की दोन्ही बाजूंना नागव्या तलवारी घेऊन पहारेकरी उभे होते आणि देवाची माणसं त्यांच्या मधून न भिता आत गेली, हे ख्रिस्ताच्या राज्याचं स्वप्न आहे की काय असं वाटलं. वीस वर्षांपूर्वी ह्याच तलवारी ह्यांच्यासाठी उपसल्या गेल्या होत्या. त्या म्हाताऱ्यांना ते दार ओलांडताना काय वाटलं असेल ह्याचा विचार केला की मला भरून येतं, आणि त्याच वेळी भीतीही वाटते, कारण तलवारी तिथेच होत्या, फक्त टोक दुसऱ्या दिशेला वळलेलं. त्याच परिषदेनंतर एरियस हद्दपार झाला, आणि काही वर्षांत सम्राटानंच त्याला परतही बोलावलं.

आता जे मला लिहायला जड जातं ते. क्रिस्पस, कॉन्स्टंटाईनचा थोरला मुलगा, पहिल्या बायकोचा. त्याचा शिक्षक कोण होता माहितीय? लॅक्टॅन्शियस. तोच, निकोमिडियात नोकरी गेलेला. सम्राटानं त्या थकलेल्या विद्वानाला गॉलमध्ये बोलावून पोराचं बोट त्याच्या हाती दिलं. पोरगा हुशार निघाला, तरुणपणीच ऱ्हाईनवर लढला, 324 मध्ये हेलेस्पाँटच्या समुद्रात लिसिनियसचं आरमार त्यानंच मोडलं. बापाइतकाच सैन्यात लाडका. आणि 326 मध्ये बापाच्या हुकमावरून त्याला पोला इथे मारलं, आजच्या क्रोएशियात. थोड्याच काळानं सावत्र आई फाउस्ताही गेली, गरम केलेल्या न्हाणीघरात कोंडून मारलं म्हणतात. का? कुणीच धड सांगत नाही. सावत्र आईनं पोरावर आळ घेतला आणि नंतर तो खोटा निघाला, असं उशिराचे लेखक म्हणतात. शिलालेखांवरून क्रिस्पसचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं. युसेबियसनं आधी इतिहासात त्याचं कौतुक केलं होतं, सम्राटाच्या चरित्रात तो त्याचा एकदाही उल्लेख करत नाही. इतक्या मोठ्या पुस्तकात थोरला मुलगाच नाही!

जुन्या धर्माचा इतिहासकार झोसिमस म्हणतो की पोराच्या खुनाचं पाप धुवून द्यायला जुने पुजारी तयार होईनात, ख्रिस्ती म्हणाले आमच्यात सगळं धुतलं जातं, म्हणून हा ख्रिस्ती झाला. तारखांच्या हिशेबानं हे साफ चूक, तो त्याच्या कितीतरी आधी चर्चच्या बाजूला आलेला होता. पण मुलाला मारल्यावर हा माणूस प्रार्थनेत काय म्हणत असेल हा प्रश्न झोसिमसच्या चुकीनं संपत नाही. लगेच नंतर म्हातारी हेलेना जेरुसलेमच्या यात्रेला निघते, चर्च उभारते, दान करते, कैद्यांना सोडवते. क्रिस्पस तिचा नातू. ती कशासाठी निघाली असेल हे मी सिद्ध करू शकत नाही पण मला आजी दिसते.

त्याच्या कायद्यांतही हाच माणूस दोन्हीकडून दिसतो. शिक्षा झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर डाग देऊ नका, डागायचंच तर हातावर, पोटरीवर द्या, कारण चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या प्रतिमेत घडलाय, हा त्याचा कायदा. आणि मुलीला पळून जायला फूस लावणाऱ्या दाईच्या तोंडात वितळलेलं शिसं ओता, हाही त्याचाच.

इस्तंबूलला मी त्याचा खांब बघितला, चेंबरलिताश म्हणतात त्या स्टॉपवर, शेजारून ट्राम जाते, मागे बाजाराची गर्दी. जांभळट दगडाचे एकावर एक ठेवलेले मोठे गोल, आगीनं काळे पडलेले, तडे गेलेत म्हणून लोखंडी कड्या घालून आवळलेले. 11 मे 330 ला नवी राजधानी सुरू झाली तेव्हा ह्या खांबावर त्याचा पुतळा होता, आणि पुतळ्याच्या डोक्यावर सूर्याचे किरण. ख्रिस्ती सम्राट, ख्रिस्ती राजधानी, निसियाला पाच वर्षं झालेली, आणि वर तोच सूर्य! 1106 च्या वादळात पुतळा पडला. मी खाली उभी राहून वर बघत होते आणि मला पहिल्यांदा मनापासून वाटलं की ह्या माणसानं जुनं काही सोडलंच नाही, तो फक्त पुढे जात राहिला आणि बरोबरचं सगळं त्याच्या मागून आलं.

337 च्या वसंतात तो आजारी पडला आणि निकोमिडियाजवळच त्यानं बाप्तिस्मा घेतला. इतक्या उशिरा का? त्या काळी पुष्कळ लोक असं करायचे, नंतर पाप करायला वेळच उरू नये म्हणून, आणि सत्तेवरच्या माणसाला तर ते जास्तच सोयीचं. पाणी घातलं ते निकोमिडियाच्या बिशपानं, त्याचंही नाव युसेबियसच, एरियसच्या बाजूचा म्हणून निसियानंतर ज्याला सम्राटानं स्वतः हद्दपार केलं होतं तोच. त्यानंतर जांभळा झगा परत अंगाला लावणार नाही म्हणाला आणि पांढऱ्या वस्त्रांत 22 मे ला गेला. कबर बारा प्रेषितांच्या स्मारकांच्या मध्यभागी. तिकडे सरकारी टांकसाळीत नाणं निघालं, त्यात तो चार घोड्यांच्या रथातून वर चाललाय आणि आकाशातून एक हात त्याला घ्यायला खाली आलाय. कडेला जुन्या सम्राटांसारखंच 'देव झालेला' असं लिहिलंय.

त्याच उन्हाळ्यात सैनिकांनी त्याचे सावत्र भाऊ आणि पुतणे कापून काढले, तिघा मुलांना वाटेकरी नकोत म्हणून. वाचलेल्यांत एक सहा वर्षांचा पुतण्या होता, ज्युलियन. त्याला ख्रिस्ती शिक्षण दिलं, बायबल वाचून दाखवायच्या कामावर ठेवलं, आणि 361 मध्ये तो सम्राट झाला तसा उघडपणे जुन्या देवांकडे परत गेला. त्यानं एक छोटं लिखाण केलंय, देव आणि सगळे सीझर एका मेजवानीला जमतात असं. त्यात शेवटी कॉन्स्टंटाईनला आपला देव कुठेच सापडत नाही, मग तो विलासाच्या देवीकडे धावतो, आणि तिच्याजवळ त्याला येशू भेटतो जो ओरडून सांगतोय की खुनी असा, पापी असा, या, ह्या पाण्यानं मी तुम्हाला लगेच स्वच्छ करतो.

चर्चनं ज्युलियनला धर्मभ्रष्ट म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. मला ते लिखाण वाचताना त्या लहान मुलाचीच आठवण येते. ज्या घरानं त्याला क्षमेचा धर्म शिकवला त्याच घरानं त्याचा बाप मारला होता, आणि कुणी त्याच्याकडे क्षमा मागितली नव्हती. कॉन्स्टंटाईनच्या श्रद्धेवर मी शंका घेत नाही. पण ज्युलियनचा राग मला त्या श्रद्धेइतकाच खरा वाटतो, आणि एक वाचून दुसरं सोडून द्यायचं मला जमत नाही.